नायट्रोजनचा ऋण आयन: जो टिकतच नाही, त्याची ऊर्जा कशी काढायची?

क्वांटम केमिस्ट्री शिकताना एक नियम डोक्यात पक्का बसतो: बेसिस सेट मोठा करा, ऊर्जा खाली येईल, उत्तर सुधारेल. ऋण आयनांच्या रेझोनन्स अवस्थांमध्ये नेमका हाच नियम फसवतो.

नायट्रोजनचा रेणू घ्या. साधारण २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन त्याच्याजवळ आला, की रिकाम्या पाय-स्टार ऑर्बिटलमध्ये क्षणभर अडकतो. कोनीय संवेगामुळे तयार झालेला ऊर्जेचा बांध त्याला अडवून धरतो. मग टनेलिंग करून तो निसटतो. या अवस्थेची रुंदी साधारण ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे आयुष्य जेमतेम १.६ फेम्टोसेकंद. तेवढ्यात रेणूचं एक कंपनही पुरं होत नाही.

आता नेहमीच्या पद्धतीने हा आयन मोजून बघा. लहान बेसिसमध्ये काहीतरी आकडा येतो. त्यात दूरवर पसरणारी फंक्शन्स घालत गेलात, तर ऊर्जा घसरत घसरत साध्या नायट्रोजनच्या ऊर्जेला टेकते. कारण सर्वात कमी ऊर्जा म्हणजे रेणू इथे आणि इलेक्ट्रॉन लांब कुठेतरी. प्रोग्रॅमने त्याचं काम चोख केलं, आपला प्रश्नच भलता होता.

सीगर्टने १९३९ मध्ये अशा अवस्थांसाठी कॉम्प्लेक्स ऊर्जा वापरली. तिचा वास्तव भाग रेझोनन्स कुठे आहे ते सांगतो. काल्पनिक भाग असतो उणे अर्धी रुंदी. पण हिचं तरंगफलन लांब जाताना वाढत जातं, नॉर्मलाइझ होत नाही. यावरचा एक उपाय म्हणजे रेणूभोवती काल्पनिक विभवाचा शोषक पट्टा लावणे. लाट भिंतीवर आपटली तर उलटते, पुळणीवर मात्र जिरते. हा पट्टा म्हणजे पुळण. रिस आणि मायर यांनी १९९३ मध्ये या पद्धतीचा गणिती पाया मांडला.

शोषकाची ताकद, म्हणजे इटा, फार कमी ठेवली तर लाट नीट जिरत नाही. फार वाढवली तर अवस्थाच बिघडते. म्हणून इटा ठरावीक पटीने वाढवत ऊर्जेचे बिंदू कॉम्प्लेक्स प्रतलावर मांडायचे आणि ते जिथे सर्वात कमी सरकतात, तिथलं उत्तर घ्यायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडू शकतात, हे सांश यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं. तिथेही अशाच अल्पायुषी अवस्था असतात. रुंदी चुकली, तर आधी बंध तुटेल की इलेक्ट्रॉन निसटेल, याचा अंदाजच चुकतो.

तेव्हा पेपरमध्ये ऋण आयनाची ऊर्जा दिसली की आधी तपासा: ती मूळ रेणूच्या वर आहे का? असेल तर रुंदी दिली आहे का? आणि बेसिस वाढवल्यावर आकडा टिकतो का?