पिंजऱ्याच्या तळाशीं काय अंथरावें?

घरांत पक्षी आणावयाचा ठरला म्हणजे पिंजरा केवढा असावा, दाणा कोणता द्यावा, याची चर्चा आबालवृद्ध मोठ्या हौसेनें करितात. परंतु पिंजऱ्याच्या तळच्या तबकांत काय अंथरावें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. हातीं लागेल तें घालावयाचें आणि घाण दिसूं लागली म्हणजे काढून टाकावयाचें, एवढाच बहुतेकांचा शिरस्ता. वस्तुतः पक्ष्याचें, आणि कांहीं अंशीं घरच्या माणसांचेंहि, आरोग्य या तबकाशीं निगडित आहे. म्हणून त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्याकडील रानचा पोपट पकडणें व पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां येथें आमच्यापुढें आहेत ते पिंजऱ्यांतच पैदास झालेले परदेशी पक्षी: मूळचे ऑस्ट्रेलियांतील बजरीगर व कॉकाटील, आणि आफ्रिकेंतील लव्हबर्ड.

पक्ष्याची श्वसनरचना आपल्याहून निराळी असते. फुप्फुसांखेरीज त्याच्या शरीरांत ठिकठिकाणीं हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात, आणि प्रत्येक श्वासांतील प्राणवायु तो आपल्यापेक्षां अधिक पूर्णपणें शोषून घेतो. मात्र त्याच द्वारानें विषहि तितक्याच त्वरेनें आंत शिरतें. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी बाळगीत. ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. जी धूळ व जो वास आपल्या गांवींहि नसतो, तो पक्ष्याला बाधतो, हें त्यावरून ध्यानांत यावें.

या दृष्टीनें पाहतां बाजारांतील पुष्कळ वस्तु बाद ठरतात. लाकडाचा भुसा मऊ दिसतो खरा. पण त्याची धूळ उडते, आणि देवदार, चीड यांसारख्या सुवासिक लाकडांतील तेलाचा दर्प श्वासमार्गास अपाय करितो. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा वरून कोरडा दिसला तरी खालीं ओल धरितो. आपल्या पावसाळ्यांत तर त्यावर बुरशी येण्यास फार वेळ लागत नाहीं. त्या बुरशीचे सूक्ष्म कण पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत रुजले, तर होणारा विकार बरा करणें अतिशय कठीण. शिवाय असा चुरा पक्ष्यानें गिळल्यास आंतडें तुंबण्याचें भय असतें. मांजराच्या विधीसाठीं मिळणारी माती ओल लागतांच फुगते व तिचे गोळे होतात. ती तर पोटांत जाऊंच नये. खरकागदानें पायांचे तळवे सोलवटतात, आणि जुन्या लुगड्याच्या किंवा गोणपाटाच्या सुटलेल्या धाग्यांत बोटें अडकून जायबंदी होतात.

मग उरतें काय? साधा कागद. त्यांतहि छपाई न झालेला, शोषक कागद उत्तम. रद्दी प्रत्येक घरीं असते. परंतु वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत, असें भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०२३ सालीं शाईंतील अपायकारक द्रव्यांमुळें बजावलें आहे. कागद कुरतडणाऱ्या पक्ष्यालाहि हाच न्याय लागू करावा. सबब वर्तमानपत्र घालावयाचें, तर तें तळच्या जाळीखालीं, चोंच पोंचणार नाहीं अशा बेतानें घालावें. जाहिरातींचे गुळगुळीत रंगीत कागद मुळींच घेऊं नयेत; ते ओल शोषीत नाहींत.

कागदाचा खरा गुण मात्र स्वस्ताईचा नव्हे. त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते. चुऱ्यांत ती गडप होते. पक्षी आजार लपवितो. रानांत दुबळा दिसला तो शत्रूच्या तोंडीं पडला, असा नियम असल्यामुळें, तो पिसें फुलवून कोपऱ्यांत बसेपर्यंत रोग बळावलेला असतो. विष्ठा मात्र आधीं बोलते. निरोगी विष्ठेंत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी मळ, पांढरा भाग व थोडें स्वच्छ पाणी. फळ किंवा काकडी खाल्ल्यावर पाणी वाढलें तर काळजी नको. पण पांढरा भाग पिवळा वा हिरवा झाला, मळ काळा पडला, रक्त दिसलें, किंवा विष्ठेची संख्याच एकाएकी घटली, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. लहान पक्ष्याच्या बाबतींत ‘उद्यां पाहूं’ म्हणणें पुष्कळदां प्राणावर बेततें.

याची रीत अगदीं सोपी आहे. तबकाच्या मापाचे सात कागद एकावर एक ठेवावेत व रोज सकाळीं वरचा एक उचलावा. खालच्या कागदांस ओल लागली असल्यास सर्वच बदलावेत. उचलण्यापूर्वीं कागदावर पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि तो आंतल्या बाजूस दुमडावा. कोरडा कधींहि झटकूं नये. कारण पोपटांच्या जातीपासून माणसास होणारा सिटॅकोसिस नांवाचा ज्वर वाळलेल्या विष्ठेच्या धुळींतून श्वासावाटे येतो. हें काम स्वयंपाकघरांत करूं नये व नंतर हात साबणानें धुवावेत. आठवड्यांतून एकदां तबक गरम पाण्यानें व साबणानें धुऊन उन्हांत वाळवावें. उग्र वासाचें फिनेल टाळावें. घरांत कोणास ताप व कोरडा खोकला लागला, तर पक्षी पाळला असल्याचें वैद्यास आपण होऊन सांगावें; तें न कळल्यास रोगाचें निदान लांबतें.

एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें असतें तें कोणाचेंच राहत नाहीं, असा अनुभव आहे. म्हणून हें काम एका जाणत्या माणसाकडे नेमून द्यावें, आणि कागद फेंकण्यापूर्वीं त्यानें तो क्षणभर न्याहाळावा, असा दंडक घालावा. याला खर्च कवडीचा नाहीं. रोजचीं दोन मिनिटें मात्र दिलीं पाहिजेत.