पाणी टाकले म्हणजे धूळ भिजली असे नव्हे

मागच्या आठवड्यात पन्नाशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. सोबत बावीस वर्षांचा मुलगा. चढण चढताना दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, ही तक्रार. तरुणपणापासून ठिकठिकाणी ठेकेदारांकडे खडकाला भोके पाडण्याचे काम केलेले. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते. पण एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी दिसल्या. हा सिलिकोसिस.

"पाणी तर टाकतच होतो जी, डॉक्टरसाहेब!" ते म्हणाले.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. परातीतल्या पिठावर एकदम पाणी ओता. गोळ्या होतात, आणि गोळी फोडली की आत पीठ कोरडेच! धोप्याच्या पानावर तर पाणी मोत्यासारखे घरंगळते, पान भिजतच नाही. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. समोरच्या वस्तूची ओढ त्याहून कमी पडली, तर पाणी पसरत नाही, थेंब करून बसते. बारीक धुळीचा ढीगही पिठासारखा आतून कोरडा राहू शकतो. शिवाय हवेत उडालेला सूक्ष्म कण मोठ्या थेंबाला धडकत नाही. हवेच्या झोताबरोबर बाजूने निसटतो.

आपल्या चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे. या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खडकाला फर्मर या भूशास्त्रज्ञाने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिले. त्यात गारगोटी, म्हणजे सिलिका असते. सिलिकेचे पाच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. एका मिलिमीटरात हजार मायक्रॉन. म्हणजे हे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. जी धूळ दिसते ती बहुधा नाकात, घशात अडकते. न दिसणारी खरी वैरीण.

गंमत अशी की बाहेर थेंबाला चुकवून निसटणारा हा कण फुफ्फुसात मात्र सहज भिजतो. तिथल्या हवेच्या फुग्यांना आतून ओलसर अस्तर असते आणि त्यात साबणासारखे एक द्रव्य असते. ते पाण्याची ओढ कमी करते, म्हणून फुगे मिटत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते कमी असते, म्हणून त्याला श्वास घेणे जड जाते. या अस्तरात कण रुततो. त्याला गिळायला आलेल्या पेशी स्वतःच मरतात आणि तिथे वण उरतो. तो वण पुसणारे औषध नाही. अशा फुफ्फुसाला क्षयाचा धोकाही वाढतो. १९५२ च्या खाण कायद्याखाली सिलिकोसिस अधिसूचित रोग ठरला, तो उगाच नव्हे.

मग करावे काय? धूळ उडाल्यावर नव्हे, जन्मतानाच भिजवावी. छिद्रणयंत्राच्या दांड्यातून पाणी थेट भोकाच्या तळाशी गेले पाहिजे. वरून बादली ओतण्यापेक्षा बारीक फवारा बरा. पाण्यात साबणासारखे द्रव्य मिसळले तर ते पसरते आणि धूळ धरते. पण ओल कायमची नसते. मे महिन्याच्या उन्हात पाण्याची वाफ होते आणि तीच धूळ पुन्हा उडते. म्हणून वाळण्याआधी पुन्हा भिजवा, ओला गाळ उचलून टाका, कोरडा झाडू मारू नका.

तोंडाला बांधलेला ओला दुपट्टा बारीक कण अडवत नाही. त्यासाठीचा गाळणीचा मुखवटाच हवा. बायाबापड्यांनी घरी आलेले कामाचे कपडे अंगणात झटकू नयेत, आधी पाण्यात बुडवावेत. धुळीत काम करणाऱ्याने दम लागण्याची वाट न पाहता छाती तपासून घ्यावी. विडी सोडावी.

हे सारे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "माझं राहू द्या जी. पोरगा पुढच्या महिन्यात त्याच कामावर जातो, त्याला सांगा."

मुलाला मी एवढेच सांगितले, "बाबू, पाणी सुरू झाल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही." त्याच्या वडिलांना हे कोणी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते.