महाग्रेप्स : शीतगृहात मुरलेला सरकारी पैसा

द्राक्षाचा घड वेलीवरून उतरवला की त्यात साठलेली उन्हाची धग आधी देठाला सुकवते. देठ तपकिरी पडला की मणी कितीही गोड असले तरी युरोपातला खरेदीदार पेटी नाकारतो. म्हणून काढणी भल्या सकाळी उरकायची, पॅकहाऊसमध्ये खराब मणी कात्रीने टिपून घड पेटीत भरायचे, प्रीकूलिंगच्या खोलीत जोराने थंड हवा खेळवून काही तासांत तापमान ४ अंशांच्या आसपास आणायचे आणि मग पेटीत बुरशी रोखणारा ‘ग्रेप गार्ड’ कागद घालून माल शून्य अंशाजवळच्या शीतगृहात हलवायचा. दोन एकरांच्या बागायतदाराला एवढी यंत्रणा एकट्याने कशी परवडणार? १९९१ साली स्थापन झालेल्या महाग्रेप्सने या प्रश्नावर उत्तर शोधले. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांची ही भागीदारी : प्रीकूलिंग आणि शीतगृहे संस्थांची, परदेशातली विक्री महाग्रेप्सची. राज्य कृषी पणन मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम यांचे पाठबळ तिला मिळाले. फळबागायतदारांना मिळालेल्या सरकारी मदतीचे हे मला सर्वांत शहाणे रूप वाटते, कारण सगळ्यांना लागणारी आणि एकट्याला न झेपणारी वस्तू त्यातून उभी राहिली.

अशा संस्था मोठ्या बागायतदारांचेच भले करतात, हा आक्षेप नेहमीचा. देवेश रॉय आणि अमित थोरात यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र महाग्रेप्सच्या सभासदांचे उत्पन्न इतरांपेक्षा जास्त आढळले आणि लहान शेतकरी डावलले गेल्याचे दिसले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आज निर्यातीत खासगी कंपन्या खूप पुढे आहेत, मग सरकारने यात कशाला पडायचे? याचे उत्तर २०१० साली मिळाले. क्लोरमेक्वाटचे अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि खासगी निर्यातदार असो की सहकारी संस्था, फटका सगळ्यांनाच बसला. हे रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. प्रयोगशाळा, बागांची नोंदणी, अंशांची यादी हे काम कोणतीही एक कंपनी सगळ्यांसाठी करणार नाही. ते सरकारचेच आहे, आणि त्यात ढिलाई झाली तर बागायतदाराचे वर्ष वाया जाते.

२०२० सालच्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेकडे याच नजरेने पाहायला हवे. तीन वर्षांत प्रत्येक कंपनीला १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, पण ती मुख्यतः पगार, भाडे आणि कार्यालय चालवण्यासाठी. भागभांडवलाला जोड म्हणून १५ लाखांपर्यंत अनुदान आणि कर्जहमीही आहे. तरीही कंपनीने सभासदांचा माल किती विकला, यावर मदतीचे माप ठरत नाही. युरोपीय संघात फळे-भाजीपाला उत्पादक संघटना आपला निधी उभारतात, खर्चाचा साधारण निम्मा वाटा संघ देतो आणि त्याला विकलेल्या मालाच्या किमतीच्या ४.१ टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा असते. नव्या कंपनीकडे विक्रीच नसते, हे खरे. म्हणून पहिली तीन वर्षे आजचीच पद्धत राहू द्यावी. चौथ्या वर्षापासून मात्र विक्रीच्या प्रमाणात, सभासदांच्या निधीइतकाच सरकारी वाटा द्यावा आणि तो प्रीकूलिंग, प्रतवारी व तपासणी यांवरच खर्च व्हावा.