कोड म्हणजे पत्ता, निकाल नाही : जेसीबी-पोकलेनच्या सेन्सर कोडचं काम धंदा म्हणून कसं करायचं



व्हिडिओत मल्टिमीटर लावून दाखवला होता, पण तिथे सगळं सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून इथे नीट लिहून देतोय. कर्वेनगरच्या दुकानात ट्रेनिंगला येणारी बरीच मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, "सर, स्कॅनर कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं : स्कॅनर सगळ्यात शेवटी घ्या. आधी कोड म्हणजे काय ते समजून घ्या.

हे काम आलं कुठून?

आपल्या शेजारी कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून डिझेल इंजिन पुण्याला नवं नाही. जुन्या इंजिनाला मिस्त्री कानाने ओळखायचे. पण चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ चे धूर-नियम लागू झाले. नियम कडक झाले तसं कॉमन रेल, ईसीयू आणि सेन्सर वाढले. आता मशीन थांबलं की डिस्प्लेवर कोड येतो. वारजे, शिवणे, नऱ्हे, कुठल्याही साइटवर जा, ऑपरेटर फोनवर कोडचा फोटोच पाठवतो. तो फोटो नीट वाचणारा माणूस मात्र पटकन मिळत नाही. तुमची संधी तिथे आहे.

कोडमध्ये दोन गोष्टी असतात

अवजड यंत्रांमध्ये एसएई जे-१९३९ ही भाषा सर्रास चालते. त्यात एक आकडा एसपीएन, दुसरा एफएमआय. एसपीएन सांगतो तक्रार कुठल्या सर्किटची आहे. उदाहरणार्थ १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे फ्युएल रेलचं प्रेशर. एफएमआय सांगतो तक्रार कसली आहे :

- ० : माहिती बरोबर आहे, पण मूल्य खूप जास्त
- १ : माहिती बरोबर आहे, पण मूल्य खूप कमी
- २ : सिग्नल अस्थिर, मधेच उड्या मारतोय
- ३ : व्होल्टेज जास्त
- ४ : व्होल्टेज कमी
- ५ : करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं

काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड दाखवतात, तेव्हा त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघायचं.

आता खरी गंमत बघा. १०० सोबत १ आला तर ईसीयूचा सेन्सरवर विश्वास आहे आणि ऑइल प्रेशर खरंच कमी असू शकतं. इंजिन लगेच बंद. ऑइल लेव्हल बघा, मग सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून प्रेशर तपासा. पण १०० सोबत ४ आला तर गोष्ट वेगळी. अशा तीन वायरच्या सेन्सरला साधारण ५ व्होल्ट सप्लाय असतो आणि प्रेशर शून्य असलं तरी तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. सिग्नल त्याच्याही खाली गेला म्हणजे तक्रार बहुधा वायरिंगची, कनेक्टरची, सप्लायची किंवा सेन्सरची आहे. एसपीएन तोच, पण काम पूर्ण वेगळं.

म्हणून म्हणतो, कोड म्हणजे पत्ता. त्या पत्त्यावर जाऊन चौकशी तुम्हालाच करायची आहे.

चौकशीचा क्रम

१. आधी लिहून घ्या. कोड, तो आत्ता चालू आहे की जुना साठवलेला, अवर मीटरचं रीडिंग, मशीन गरम होतं की थंड. फोटो काढा. न लिहिता कोड क्लिअर केला तर पुरावाच पुसला.

२. ऑपरेटरला विचारा. काल मशीन धुतलं का? बकेटला वेल्डिंग केलं का? बॅटरी बदलली का? प्रेशरने धुतल्यावर कनेक्टरमध्ये पाणी जातं. बॅटरी न सोडवता वेल्डिंग केलं तर ईसीयूला धक्का बसू शकतो. मशीन बरेच दिवस उभं असेल तर उंदराने हार्नेस कुरतडलेली असू शकते.

३. बॅटरी आणि अर्थिंग तपासा. १२ व्होल्टच्या सिस्टिमवर इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चार्जिंग चालू असताना साधारण १४. २४ व्होल्टची सिस्टिम असेल तर दुप्पट धरा. सप्लाय कमजोर असला की चांगले सेन्सरही खोटं बोलतात.

४. कनेक्टर उघडून बघा. हिरवट गंज, वाकलेली पिन, ऑइल, सैल लॉक.

५. आता मीटर. कूलंटच्या तापमानाचा दोन वायरचा सेन्सर घ्या. ११० सोबत ४ आलाय. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढा. कोड ४ चा ३ झाला, तर वायरिंग आणि ईसीयूने बदल ओळखला, म्हणजे संशय सेन्सरवर. ४ तसाच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीये किंवा दोष ईसीयूकडे आहे. तिथे नवीन सेन्सर बसवून काही उपयोग नाही.

६. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर विकू नका! बऱ्याच मशीनमध्ये काही सेन्सर एकच ५ व्होल्टची लाइन वाटून घेतात. एक शॉर्ट झाला की सगळे बसतात. एकेक कनेक्टर काढत जा. ज्याच्यानंतर ५ व्होल्ट परत येतात, तिकडचा सेन्सर किंवा त्याची वायर दोषी.

७. स्कॅनर कनेक्टच होत नसेल तर मशीनची बॅटरी सोडवून नऊ पिनच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय.

एक सक्त सूचना : कॉमन रेल इंजिन चालू असताना डिझेलचा हाय प्रेशर पाइप सैल करायचा नाही. तिथे प्रेशर हजार बारच्याही वर जातं. ती धार कातडीत घुसते, आणि तशी इजा झाली तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

पैसे कशाचे घ्यायचे?

आता धंद्याचं बोलू. समजा मशीनचं भाडं तासाला १,२०० रुपये आणि काम ८ तास. दिवसभर उभं राहिलं की मालकाचे ९,६०० गेले. त्यात तुम्ही अंदाजाने ५,००० चा सेन्सर बसवलात आणि कोड परत आला, तर त्याला १४,६०० चा फटका. बँकेचा हप्ता मात्र तारखेलाच जाणार. असा मालक तुम्हाला परत बोलवेल का?

म्हणून तपासणीची फी वेगळी ठेवा आणि ती फोनवरच सांगा. "साहेब, येऊन तपासायचे इतके. पार्ट लागला तर त्याचं वेगळं, आणि का लागतो ते मीटरवर दाखवेन." काम झालं की व्हॉट्सअॅपवर छोटा रिपोर्ट : कोड, मोजलेलं व्होल्टेज, सापडलेला दोष, दुरुस्तीनंतरचा फोटो. दोष एखाद्या गंजलेल्या पिनमध्ये निघाला आणि पार्ट काहीच लागला नाही, तरी फी घ्या. तुम्ही पिन विकली नाहीत, दिवस वाचवलात.

सुरुवातीची हत्यारं : चांगला मल्टिमीटर, बारीक प्रोब पिन, मेकॅनिकल प्रेशर गेज, कॉन्टॅक्ट क्लीनर, क्रिम्पिंग टूल आणि मॅन्युअल. ईसीयूच्या वायरवर बल्बचा टेस्टर लावू नका, तो जास्त करंट ओढतो.

आणि "नाही" म्हणायला शिका. वॉरंटीतलं मशीन असेल किंवा ईसीयू प्रोग्रॅमिंग असेल, तर डीलरकडे पाठवा. "सेन्सर बायपास करून दे, काम अडलंय" असं कोणी म्हटलं तरी करू नका. ऑइल प्रेशरचा इशारा बंद केला आणि इंजिन सीझ झालं, तर नाव तुमचंच येतं. धूर नियंत्रणाचा सेन्सर बंद केला तर ते मशीन नियमात बसत नाही.

पुढच्या व्हिडिओआधी एवढं करा : ओळखीच्या एका मशीन मालकाकडे जा, डिस्प्लेवरचे जुने कोड वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा, आधी काय मोजाल? ती वही भरत गेली, की स्कॅनर कुठला घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.