रेडिएटरातले पाणी

मोटारीला पेट्रोल लागते, तेल लागते, हे सारेच जाणतात. पाण्याची आठवण मात्र पुष्कळांना घाटात वाफ निघू लागल्यावरच होते. मग विहिरीचे, बोअरचे, जे मिळेल ते पाणी रेडिएटरात पडते. ही सवय इंजिनाच्या मुळावर कशी येते, ते आज पाहू.

सिलिंडरमध्ये इंधन पेटले म्हणजे आतले तपमान क्षणभर २००० अंश सेंटिग्रेडच्याही पुढे जाते. अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांवरच वितळते! तरी इंजिन टिकते. कारण भोवती खेळणारे पाणी ती उष्णता उचलून रेडिएटरात वाऱ्यावर सोडते. या कामात पाण्यासारखा दुसरा स्वस्त द्रव नाही. पण पाण्याला खोडीही आहेत. बोअरच्या पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात. घरच्या बंबाच्या आत असाच थर साचतो. त्यातून उष्णता बाहेर पडत नाही.

दुसरी खोड गंजाची. इंजिनात कुठे बीड, कुठे अ‍ॅल्युमिनियम, तर कुठे तांबे-पितळ. एकाच पाण्यात निरनिराळे धातू आले, की झाली बॅटरी तयार! वीज बेताचीच, पण तीत अ‍ॅल्युमिनियमसारखा धातू झिजत जातो, आणि पाण्यात क्लोराइड असले तर त्याला बारीक भोके पडतात.

म्हणून पाण्यात कूलंट मिसळायचे. त्यातला मुख्य पदार्थ बहुधा इथिलीन ग्लायकॉल. निम्मे ग्लायकॉल, निम्मे पाणी असले, की मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते आणि १०७ अंशांच्या सुमारास उकळते. झाकणाच्या दाबामुळे ही उकळी आणखी लांबते. आता तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?’ खरे आहे. पण गंज चढायला बर्फ लागत नाही! गंजापासून राखण करतात ती कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये. सिलिकेट अ‍ॅल्युमिनियमवर पातळ कवच धरते. अ‍ॅझोल जातीची द्रव्ये तांब्या-पितळेला सांभाळतात. सेंद्रिय आम्लांचे क्षार जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन बसतात, म्हणून ते सावकाश खर्च होतात.

खर्च होतात, हा शब्द ध्यानात ठेवा. ग्लायकॉल वर्षानुवर्षे तापून हळूहळू आंबट होते, म्हणजे त्यात आम्ल तयार होते. गंजरोधक संपले, की हेच आम्ल धातू खाऊ लागते. वरून पाहावे तर रंग तसाच ताजा! रंग ही केवळ ओळखीची पूड. तीवरून जातही कळत नाही आणि वयही नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला कूलंट बदलावे, त्यात सांगितलेल्याच जातीचे घालावे, आणि मिसळायला ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. नुसते ग्लायकॉल मात्र भरू नये. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहते आणि एकटे असले तर उणे १३ अंशांवरच गोठते.

दोन गोष्टी जिवाच्या. इंजिन तापलेले असता झाकण उघडू नका. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते. आणि ग्लायकॉल गोड लागते, पण ते विष आहे. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, अंगणात ओतू नका. मूल किंवा कुत्रे ते चाटून जाईल. कुणाच्या पोटात गेलेच, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठा.