रोटरी इंजिन, टर्बो आणि वेगाचे तारतम्य



मागच्या भाषणात आपण साध्य आणि साधन यांचा विचार केला. भाषण संपल्यावर भोरचे एक गृहस्थ भेटायला आले. आमचेच जुने विद्यार्थी, आता पन्नाशी ओलांडलेले. म्हणाले, "सर, साध्य-साधन सगळं ठीक आहे, पण माझ्या मुलाला कोण समजावणार? त्याला रोटरी इंजिनाची गाडी बनवायचीय. आणि त्यासाठी वेल्ह्याकडचं भाताचं खाचर विकायला निघालाय."

मुलगा पुण्यात गॅरेजमध्ये काम करतो. हात चांगला आहे असं सगळेच सांगतात. आम्ही त्याला घरी बोलावलं. समजावणं बाजूलाच राहिलं. दोन संध्याकाळी तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. मग आम्हीही थोडं वाचन केलं. त्याचा प्रश्न असा होता: गाडी वेगवान हवी, पण रोज रस्त्यावर चालवता यायला हवी, तर टर्बो लावावा की लावू नये? आम्हाला हा प्रश्न वरवर यंत्राचा, पण मुळात तत्त्वज्ञानाचा वाटला. म्हणून आज तोच घेऊ.

आधी यंत्र समजून घेऊ. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खाली-वर जातो आणि त्या हालचालीचे रूपांतर फिरण्यात करावे लागते. रोटरीत पिस्टन नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो, त्याला रोटर म्हणतात. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल घरात तो फिरतो. जुन्या तेलाच्या घाण्यातलं लाकूड आठवा. ते फिरतं आणि फिरता फिरता कडेला घासतही जातं, तसंच काहीसं. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात. एकीत हवा-पेट्रोल आत येत असते, दुसरीत ते दाबले जाऊन पेटते, तिसरीतून धूर बाहेर पडतो. तिन्ही कामे एकाच वेळी. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधल्या दांड्याच्या तीन होतात. म्हणजे दांडा मिनिटाला ९००० फेऱ्या घेत असेल, तेव्हा रोटर ३०००च घेतो. भाग थोडे, वजन कमी, धडधड जवळजवळ नाही.

कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिले इंजिन फिरले. १९६७ साली त्याच कंपनीची रो ८० आणि जपानमध्ये माझदाची कॉस्मो स्पोर्ट या गाड्या आल्या. रो ८० चे कौतुक फार झाले, पण रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे सील, लवकर झिजत. हमीपोटी दुरुस्त्या करता करता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. माझदाच्या अभियंत्यांनाही तोच त्रास झाला. सील थरथरल्याने घराच्या भिंतीवर जे ओरखडे उठत, त्यांना ते सैतानाची नखं म्हणत. त्यांनी मात्र पट्टीची घडण बदलत, पुन्हा पुन्हा तपासत हा प्रश्न सोडवला.

आपल्या महाराष्ट्राचाही यात हात आहे बरं का. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि बंगळूरच्या दोन संस्था यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन घडवले. २००९ साली 'निशांत' या चालकविरहित विमानात बसून ते उडाले. विमानाला हलके आणि कमी थरथरणारे इंजिन हवे होते. रोटरी त्याला शोभली. कामाला यंत्र शोभलं पाहिजे, हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता ताकद कशी वाढते? इंजिनाला जास्त हवा द्यायची, तिच्या जोडीने जास्त पेट्रोल. रोटरीत हवेच्या दाराला झडप नसते. भिंतीत भोक असते, त्याला पोर्ट म्हणतात, आणि रोटरच ते झाकतो, उघडतो. म्हणून पोर्ट कोरून मोठे केले की इंजिनाचा स्वभावच बदलतो. थोडे कोरले तर स्ट्रीट पोर्ट. ताकद वाढते, इंजिन शहाण्यासारखे वागते. आणखी एक फट वर पाडली तर ब्रिज पोर्ट. वरच्या फेऱ्यांना गाडी सुसाट, पण सिग्नलला उभी असताना गचके देणार आणि खालच्या फेऱ्यांना अंगात दम नसणार. कात्रजच्या कोंडीत असे इंजिन चालवणे म्हणजे शिक्षाच.

दुसरी वाट टर्बोची. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा आत कोंबायची. रोटरीचा धूर फार गरम आणि जोरकस असतो, त्यामुळे टर्बोशी तिचे चांगले जमते. दोन माझदा गाड्या शेजारी ठेवून बघा. दोघींचे इंजिन १३०८ सीसीचेच. १९९१ च्या आरएक्स-७ ला दोन टर्बो होते. ओढ २९४ न्यूटन-मीटर, तीही ५००० फेऱ्यांना. २००३ च्या आरएक्स-८ ला टर्बो नव्हता; ओढ २१६, आणि ती ५५०० फेऱ्यांना. घाटात, गाडी भरलेली असताना, हा फरक पायाला कळतो.

मग टर्बोच लावावा, नाही का? थांबा. जास्त हवा म्हणजे जास्त उष्णता. पेट्रोल वेळेआधी भडकले, ज्याला गॅरेजवाले नॉकिंग म्हणतात, तर टोकाची ती पट्टी तुटते. तुकडा धुरासोबत जाऊन टर्बोचे पाते फोडतो. इंजिन पूर्ण उघडावे लागते. म्हणून टर्बोआधी मोठा रेडिएटर, ऑइल कूलर, हवा गार करणारा इंटरकूलर आणि पेट्रोलचे चोख माप ही तयारी हवी. शिवाय रोटरी थोडे ऑइल जाळतेच, ती तिची रचना आहे. पट्टी काढून पातळी वरचेवर बघायलाच हवी. गार इंजिन चालू करून गाडी अंगणातून गोठ्याजवळ घेतली आणि लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचून ती पुन्हा चालू व्हायला रुसते. आणि पेट्रोल ती भरपूर पिते.

त्या मुलाला आम्ही विचारलं, रोटरीचा सर्वांत मोठा विजय कोणता? डोळे चमकले. १९९१ ची ल मान्स, २४ तासांची शर्यत, माझदा ७८७बी. चार रोटर, सुमारे ७०० अश्वशक्ती. "आणि टर्बो?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "नव्हता, सर." त्याऐवजी हवेच्या नळ्यांची लांबी फेऱ्यांनुसार कमी-जास्त होत असे, म्हणजे खालीही दम आणि वरही जोर. २४ तास टिकणे हे ज्यांचे साध्य होते, त्यांनी ते साधन निवडले.

ॲरिस्टॉटलचा मध्यम मार्ग आपण सरासरी समजतो, तसं ते नाही. तो पैलवान मिलोचं उदाहरण देतो: जो आहार मिलोला कमी पडेल, तोच तालमीत नुकत्याच आलेल्या पोराला जास्त होईल. योग्य काय हे कुणासाठी, कशासाठी यावर ठरतं. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, तारतम्य. तो 'तर' आणि 'तम' यांपासून झाला: लघु, लघुतर, लघुतम. पायऱ्या ओळखायच्या आणि आपली पायरी कोणती ते ठरवायचं. गंमत अशी की गाडीच्या नादात आपण 'तम' लाच साध्य समजून बसतो.

त्याची पायरी कोणती? त्याचा रस्ता पाहा. कापूरहोळहून भोर, पुढे नीरा देवघरच्या पाण्याकडेने वरंधा घाट, खाली महाड. किंवा नसरापूरवरून वेल्हे. वळणावर पुढे काय आहे ते दिसत नाही. समोरून एसटी येते, गुरं येतात, शाळेतून सुटलेली पोरं रांगेनं चालतात. पावसाळ्यात दरडी पडतात, घाट अनेकदा बंदच असतो. या रस्त्यावर इंजिनाच्या कमाल ताकदीला जागाच नाही. इथे लागते ती खालच्या फेऱ्यांची ओढ, उतारावर दम न सोडणारे ब्रेक आणि चांगले टायर. म्हणून कागदावर उत्तर सोपं आहे: बेताचा स्ट्रीट पोर्ट, टर्बो लावायचाच तर छोटा आणि कमी दाबाचा, पण त्याआधी ब्रेक आणि थंडावा.

कागदावर म्हणालो, कारण कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवलेली गाडी इथल्या रस्त्यावर आणता येणार नाही. ती बंद ट्रॅकवरच शोभेल. पोराला हे माहीत होतं. त्याला ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच.

आम्ही त्याला खाचर विकू नकोस असं सांगितलं नाही. एक कागद दिला आणि म्हटलं, गाडी कुठे चालवणार, कोण बसणार, बिघडली तर सुटा भाग कुठून येणार, हे लिही. खर्च शेवटी लिही. तीन आठवड्यांनी तो आला. कागदाच्या मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं. सध्या तो एका शर्यतीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, कमी पगारावर, इंजिन उघडायला शिकतोय. रोटरी अजून डोक्यात आहेच, आणि ती असावी. वडिलांच्या जुन्या गाडीचे ब्रेक मात्र त्यानं आधी नवे केले. परवा तिच्यातूनच आम्हाला इथे आणून सोडलं. खाचरात यंदा भात लावलाय.

प्रश्न असतील तर विचारा.