प्रवरेकाठचा जॅस्पर

दख्खनच्या पठारावर जन्मलेल्या माणसाला दगडाचे कौतुक ते काय, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसाचा काळा फत्तर आपल्या घरांच्या जोत्यांपासून किल्ल्यांच्या तटांपर्यंत इतका सर्वत्र भरलेला आहे, की त्याच्याकडे मुद्दाम पाहावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. परंतु याच फत्तराच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून सिलिकायुक्त पाणी झिरपून स्फटिक, अकीक, कॅल्सेडनी आणि त्यांचा अपारदर्शक भाऊबंद जॅस्पर हे जिन्नस सिद्ध झाले, आणि भोवतालचा फत्तर झिजून गेल्यावरही ते स्वतः न झिजता ओढ्यानाल्यांच्या वाटेने गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या पात्रांतील गोट्यांत येऊन पडले. उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे हे भांडार उघडे पडते, आणि ते पाहण्यास शाबूत गुडघे व थोडी चिकाटी यांपलीकडे भांडवल लागत नाही.

जॅस्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे क्वार्ट्‌झच. त्यात लोहादी द्रव्यांची भेसळ इतकी झालेली असते, की प्रकाश आत शिरत नाही. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळा व तपकिरी गोएथाइटचा, हिरवा बहुधा सेलॅडोनाइट किंवा क्लोराइट यांचा. काठिण्य साडेसहा ते सातच्या दरम्यान असल्यामुळे पोलादी चाकूने त्याच्यावर चरा उमटत नाही, उलट त्याची धार काचेवर ओरखडा काढते. आम्लाचा थेंब टाकल्यास फसफसत नाही. आणि पातळ कड उन्हासमोर धरली असता अकीक जसा मधाळ उजळतो तसा तो उजळत नाही. हे सर्व पाठ असूनही नवखा मनुष्य आपल्या मुलखात दोन ठिकाणी हमखास फसतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारी लाल, भाजल्यासारखी बोल माती दुरून तंतोतंत जॅस्परसारखी दिसते, पण चाकू लावताच तिचा भुगा होतो आणि तिच्यावर फुंकर घातली तर मातीचा वास येतो. दुसरी फसगत अधिक लाजिरवाणी: नदीने गोल घासलेला विटेचा तुकडा! ओला असताना तो असा काही रंगतो की जाणत्याचाही हात खाली जातो. वाळल्यावर मात्र त्याची छिद्रे उघडी पडतात, आणि ओठांना लावला तर तो ओलावा शोषून घेतो. जॅस्पर ओला असो वा कोरडा, जिभेला काचेसारखाच लागतो.

मात्र दख्खनमध्ये हा छंद करणाऱ्याने आपण या वाटेवरचे पहिले पांथस्थ आहोत असा समज करून घेऊ नये. नेवासे हे गाव मराठी माणसाला शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीमुळे आणि तेथील पैस खांबामुळे परिचित आहे, आणि ते यथायोग्यच आहे; परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्रा. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे केलेल्या उत्खनन-संशोधनामुळे त्याच गावाची कैफियत कितीतरी मागे गेली. तेथून जवळच चिरकी ओढ्यापाशी गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी पुढे उजेडात आणलेली प्राचीनतर हत्यारे, हातकुऱ्हाडी वगैरे, मुख्यत्वे काळ्या फत्तराच्याच जातीची आहेत. उलट प्रवरेच्या जाडसर वाळूगोट्यांच्या थरांतून मिळालेल्या मध्यपुराणाश्मयुगीन तासण्या व टोके ही चर्ट, अकीक आणि जॅस्पर यांची आहेत. हा पालट मला हत्यारांच्या आकारापेक्षाही बोलका वाटतो. नदीकाठच्या शेकडो काळ्या गोट्यांतून तो लाल गोटा वेचणाऱ्याला हे ठाऊक होते, की हा दगड शिंपल्यासारख्या वळणदार, धारदार पापुद्र्यांत फुटतो आणि ती धार टिकते. पारख प्रथम त्याने केली. काठिण्याचे कोष्टक आपण मागाहून मांडले.

सबब हातोडी उचलण्यापूर्वी दगड उलटसुलट पाहावा. एका टोकाला आघाताची सपाट जागा, तिच्याखाली छोटासा फुगवटा, तेथून पसरत गेलेल्या तरंगरेषा, आणि कडेने ओळीने काढलेले बारीक टवके, अशा खुणा एकत्र आढळल्या तर तो गोटा नव्हे, हत्यार आहे. नदीच्या आपटण्यानेही टवके उडतात. पण ते वेडेवाकडे, वेगवेगळ्या काळचे, काही ताजे तर काही गुळगुळीत झालेले असतात. हत्यार असल्याची शंका आली तर ते जागीच ठेवून छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्यास वर्दी द्यावी. १९७२ च्या कायद्यान्वये पुराणवस्तूचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी इसमास ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्थळी तर साधा गोटाही उचलू नये.

उरलेल्या, निखळ निसर्गनिर्मित नगांच्या बाबतीत माझा आग्रह एकच: प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका देऊन काळ्या शाईने क्रमांक घालावा, आणि नदी, गाव, पात्रातील जागा व तारीख यांचा तपशील वहीत त्याच दिवशी टिपावा. पैलूसाठी पुष्कळ हौशी मंडळी आपला माल खंबायतच्या कारागिरांच्या कसबाकडे पाहून झळाळून घेऊ इच्छितात. अकीकाला ते शोभते, पण जॅस्परचा गोटा घासायचाच झाला तर एकच बाजू घासावी. दुसऱ्या बाजूची मळकट साल राहिली, तरच तो कोणत्या थरातून आला असेल याविषयी पुढे कोणाला काही विचारता येते.